सोफ्याचं भाडं

आमच्या क्रिकेट लीगचा जुना, आता वापरात नसलेला कप डॉक्टरांच्या घरी, तळघरातल्या काचेच्या कपाटात आहे. त्याच्या लाकडी बैठकीभोवती पितळेच्या लहान पट्ट्या आहेत, दर वर्षीच्या विजेत्याची एक. २००३च्या पट्टीवर आमच्या संघाचं नाव आहे. ते तिथे असायला नको. त्या वर्षी कप ॲन आर्बरच्या विद्यार्थ्यांनी जिंकला होता आणि त्यांच्याकडून तो काढून घेण्याचं काम मी केलं. हे कसं झालं ते मी आजवर चारच ठिकाणी सांगितलं आहे: बायकोला, ज्याचं नुकसान झालं त्याला, डॉक्टरांना आणि लीगच्या सभेत. पण तेव्हाची हकीकत ज्यांनी ऐकली ती माणसं आता देशभर पांगली आहेत, आणि त्यांच्या मनात अजून जुनीच गोष्ट आहे. म्हणून लिहितो आहे.

मी सत्तरच्या दशकात नागपूरहून मिशिगनला आलो. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत, तपासणी विभागात नोकरी केली. भाग मापात बसला तर पुढे पाठवायचा, नाही बसला तर बाजूला टाकायचा. तिथे मनाला विचारायचं काम नसे. २००१मध्ये निवृत्त झालो आणि त्याच वर्षी लीगच्या लोकांनी मला नियम समितीचा प्रमुख केलं. डॉक्टर म्हणाले, "तुझ्याकडे वेळ आहे आणि तुझ्या सहीला किंमत आहे." दोन्ही गोष्टींनी मी सुखावलो.

हे डॉक्टर आमच्या क्लबचे अध्यक्ष. मूळचे मुंबईचे, हृदयरोगतज्ज्ञ. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे. एकदा माझ्या छातीत कळ आली तेव्हा हा माणूस ॲम्ब्युलन्समध्ये माझा हात धरून बसला होता. हे मी सबब म्हणून सांगत नाही. पण ते झालं नसतं तर मी त्यांना नाही म्हणू शकलो असतो का, हा प्रश्न मी स्वतःला बरेचदा विचारला आहे, आणि उत्तर दर वेळी वेगळं येतं.

लीग म्हणजे फार मोठं प्रकरण नव्हतं. मिशिगन आणि ओहायोतले दहा-बारा संघ, उन्हाळ्यातले रविवार, गावच्या पार्कात खिळे ठोकून अंथरलेली मॅट. सामना सुरू होण्याआधी बदकांची घाण झाडायची. पलीकडच्या मैदानावरचे बेसबॉलवाले येऊन विचारायचे, "अजून किती वेळ चालणार?" आम्ही सांगायचो, "संध्याकाळपर्यंत," आणि ते मान हलवत परत जायचे. पण खेळणारे मात्र जीव तोडून खेळत. आमचा क्लब सर्वांत जुना, डॉक्टर-इंजिनिअर मंडळींनी काढलेला, आणि आम्ही कप एकदाही जिंकला नव्हता.

हळूहळू पैसेवाल्या क्लबांनी उन्हाळ्यापुरते बाहेरून खेळाडू आणायला सुरुवात केली. कोणी भारतातून, कोणी वेस्ट इंडीजमधून. तिकीट, राहणं, खाणं, वर खर्चाला काही. ॲन आर्बरच्या विद्यार्थ्यांचा संघ वर्गणी काढून बॉल घ्यायचा. त्यांचा सेक्रेटरी, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून पीएच.डी.ला आलेला एक सडपातळ मुलगा, वार्षिक सभेत उभा राहून म्हणाला, "आम्ही हरायला तयार आहोत हो. पण निदान मैदानावर हरू द्या."

त्याचं म्हणणं मला पटलं. त्या हिवाळ्यात बसून मी नियम लिहिला. बाहेरून आलेल्या खेळाडूंवर एका क्लबने एका मोसमात पंधराशे डॉलरच्या वर खर्च करायचा नाही. सगळे त्याला कॅपच म्हणत. पळवाटा मला दिसत होत्या, म्हणून मी मुद्दाम लिहिलं: खर्च क्लबने केलेला असो की क्लबच्या कोणत्याही सदस्याने वैयक्तिक केलेला असो, तो धरला जाईल, तिकीट, राहण्याची सोय, जेवण, वाहन, सगळं धरलं जाईल. मर्यादा ओलांडली तर पुढच्या मोसमात गुण कापायचे. जाणूनबुजून ओलांडली तर विजेतेपद काढून घ्यायचं. लीगचे कागद इंग्रजीत असत, पण शब्दाचा अर्थ हाच: जाणूनबुजून. गरीब संघांना न्याय मिळावा म्हणून मी तो शब्द घातला होता.

एप्रिलमध्ये डॉक्टरांचा फोन आला.

"तुझं तळघर रिकामंच आहे ना? मुलगी तर जर्सी सिटीला गेली."

"रिकामं आहे. का?"

"एक पोरगा येतोय मुंबईहून. डावखुरा स्पिनर. बॉल असा वळतो की बॅट्समन पुढच्या एक्झिटला उतरतो. चार महिने राहील."

"आणि कॅप?"

"कसली कॅप? त्याची आई माझ्या चुलतबहिणीची मैत्रीण. मी तिला शब्द दिलाय. तिकीट माझ्याकडून, भेट म्हणून. तुझ्याकडे तो पाहुणा. देशातून कोणी घरी आलं की तू काय मीटर लावतोस?"

मी हसलो. ही (म्हणजे माझी बायको) स्वयंपाकघरातून म्हणाली, "कोण येतंय? शाकाहारी आहे का?" तिथेच ते ठरलं. आमच्या घरी पाहुणा येणं हे काही मोजायचं काम आहे असं मला खरंच वाटलं नाही. इथे येऊन तीस वर्षं झाली होती. भाचे, पुतणे, मित्रांची मुलं, अगदी ओळखीच्यांच्या ओळखीचेसुद्धा आमच्या तळघरात राहून गेले होते. कोणी पहिली नोकरी लागेपर्यंत, कोणी गाडी शिकेपर्यंत.

पोरगा गोड होता. रोज आठ पोळ्या खायचा आणि दर वेळी म्हणायचा, "काकू, अजून एक, शेवटची." आमची जुनी गाडी त्याला वापरायला दिली. लीगला द्यायच्या क्लबच्या फॉर्मवर बाहेरच्या खेळाडूंवरचा खर्च या रकान्यात डॉक्टरांनी शून्य लिहिलं आणि मी खाली समितीप्रमुख म्हणून सही केली. माझ्याच नियमातलं माझंच वाक्य मला त्या वेळी आठवलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. आठवलं होतं. सही करताना पेन थोडं थांबलं होतं, एवढं मला स्पष्ट आठवतं.

मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी मी मागच्या अंगणात टोमॅटोची रोपं लावत होतो. तेव्हा विद्यार्थ्यांच्या सेक्रेटरीचा फोन आला.

"काका, डिस्टर्ब तर नाही केलं ना? फॉर्म भरतोय. एक डाउट आहे."

"बोल."

"माझा कॉलेजचा मित्र आलाय पुण्याहून, ओपनर. माझ्याकडेच राहतो, हॉलमध्ये, सोफ्यावर. तर सोफा धरायचा का?"

"सोफ्याचं काय धरायचं?"

"भाडं. आम्ही चौघं रेंट शेअर करतो. हा पाचवा. पण त्याला खोली नाहीये यार. सॉरी, काका. मग पाचवा हिस्सा धरू, की कमी?"

"नियमात राहण्याची सोय असं आहे. सोफा ही सोयच."

"सोय म्हणू नका काका. मधली स्प्रिंग वर आलीय. तो रोज सकाळी कंबर धरून उठतो."

आम्ही दोघंही हसलो. मग मी गंभीरपणे सांगितलं, "बाजारभावाने धर. शंका असेल तिथे जास्त धर, कमी धरू नकोस."

"जेवणपण?"

"जेवणपण."

"आमची खिचडी असते हो रोज."

"खिचडीपण."

तेवढ्यात आमचा पाहुणा तळघरातून वर आला. आळस देत दारात उभा राहिला. हिने त्याच्या हातात पोह्यांची बशी दिली, वर खोबरं भुरभुरलेलं. मी फोन कानाला लावून हे सगळं पाहत होतो, आणि मला त्यात काहीही खटकलं नाही.

त्या काळात इथले आपले विद्यार्थी कुठल्याही फॉर्मला फार घाबरत. २००१च्या सप्टेंबरनंतर व्हिसाची तपासणी कडक झाली होती. एखादा रकाना रिकामा राहिला, एखादी तारीख चुकली, तर काय होईल याची धास्ती. त्यामुळे त्या मुलाने आमच्या रविवारच्या क्रिकेटचा फॉर्मसुद्धा इमिग्रेशनच्या कागदासारखा भरला. चार पानं. संघाने भरलेल्या अर्ध्या तिकिटाची रक्कम, बसचा पास, खिचडी, उसनी घेतलेली सायकल आणि सोफा, दरमहा सव्वाशे डॉलर, तीन महिने. तो त्याने जूनमध्ये माझ्या घरच्या पत्त्यावर पाठवला. नियमाप्रमाणे मी सगळे फॉर्म आठवडाभरात तपासायला हवे होते. मी ते पाकीट न फोडता टेबलाच्या खणात ठेवलं. त्याचा फॉर्म नीटच असणार, असं वाटलं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या सुट्टीतल्या रविवारी फायनल झाली. आमची आणि त्यांची. आमच्या पाहुण्याने पाच बळी घेतले. त्यांच्या सोफ्यावरच्या ओपनरने मात्र एक टोक धरून ठेवलं आणि आम्ही अकरा धावांनी हरलो. मुलं मैदानावर नाचली. कोणीतरी दोन पिझ्झे आणले आणि त्यातला एक आमच्या बाजूला पाठवला. डॉक्टर खुर्चीतून उठले नाहीत. शेवटी मला म्हणाले, "आपल्या हयातीत एकदा तरी, असं वाटलं होतं."

चार दिवसांनी ते घरी आले. "त्यांचा फॉर्म आहे ना तुझ्याकडे? बघ जरा. त्या पोराचं तिकीट कोणी काढलं?"

मी खणातलं पाकीट त्यांच्यासमोर फोडलं. तिसऱ्या पानावर बेरीज होती: सोळाशे नव्वद डॉलर. मर्यादेपेक्षा एकशे नव्वद जास्त. डॉक्टरांनी टेबलावर बोट आपटलं. "झालं. स्वतःच लिहून दिलंय. जाणूनबुजून नाही तर काय?" तेवढ्यात त्यांचा पेजर वाजला आणि ते घाईने गेले.

मग मी चौथं पान पाहिलं. त्यावर निळ्या शाईत, स्वच्छ अक्षरात, माझ्यासाठी इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या होत्या. सोफा धरल्यास आम्ही मर्यादेच्या बाहेर जातो, सोफा वगळल्यास आत राहतो. आपण सांगाल त्याप्रमाणे मित्राला उरलेले सामने खेळवणार नाही किंवा दुसरी व्यवस्था करू, कृपया कळवावे. खाली जूनची तारीख.

मी कळवलं नव्हतं. मी वाचलंच नव्हतं. आणि पुढे जे केलं ते यापेक्षा वाईट. समितीतल्या इतर दोघांना मी पहिल्या तीन पानांच्या झेरॉक्स दिल्या. चौथं पान माझ्या फाइलमध्ये राहिलं. ते दाखवलं असतं तर दोष माझ्यावर आला असता आणि कप हातचा गेला असता, त्यामुळे मी ते ठेवून दिलं. निवड इतकी साधी होती.

सुनावणी आमच्या गावच्या लायब्ररीतल्या मीटिंगच्या खोलीत झाली. त्या मुलाने इस्त्री केलेला शर्ट घातला होता. सोबत कोणी नव्हतं. मी बेरीज वाचून दाखवली. तो म्हणाला, "हो, बरोबर आहे. पण मी खाली लिहिलं होतं, काका. शेवटच्या पानावर. तुम्हाला विचारलं होतं."

समितीतल्या दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "समितीने फॉर्म पाहिला आहे."

"चौथं पान होतं."

"तुझ्याकडे कॉपी आहे?"

"नाही. तुमच्याकडे दिला होता म्हणून कॉपी ठेवली नाही."

मग जरा धीर करून त्याने विचारलं, "एक विचारू? तुमच्याकडे तो स्पिनर राहतो ना? ते कुठे धरलंय?"

"तो आमचा पाहुणा आहे," मी म्हणालो.

"आमचाही पाहुणाच होता, काका. आम्ही फक्त लिहिलं."

समितीने निर्णय घेतला. विजेतेपद रद्द, कप उपविजेत्यांना म्हणजे आम्हाला, पुढच्या मोसमाची सुरुवात उणे गुणांनी, आणि सेक्रेटरीला एक वर्ष कुठल्याही क्लबचं पद नाही. पत्र मी टाइप केलं. त्यात नियमातला तो शब्द होता. तो घातल्याशिवाय विजेतेपद काढता येत नव्हतं.

घरी ही भाजी निवडत बसली होती. बातमी तिला पाहुण्याकडून आधीच कळली होती. तो बिचारा ओशाळून विचारत होता, "काकू, मग माझ्या जेवणाचं काय लिहिलं होतं?"

हिने मला विचारलं, "काय लिहिलं होतं?"

"शून्य."

"म्हणजे मी चार महिने काय करत होते?"

"अगं, पाहुण्याचं कोणी लिहितं का?"

"त्या पोरांचं लिहायला लावलंत ना? फोनवर मी ऐकत होते. खिचडीपण, म्हणालात." ती पुन्हा भाजी निवडायला लागली. नंतर हा विषय तिने काढला नाही. पण डॉक्टरांकडे जेवायला बोलावलं की तिला हटकून काहीतरी काम निघायचं.

पुढच्या उन्हाळ्यात विद्यार्थ्यांचा संघ तीन सामने खेळला आणि मोडला. आमचा पाहुणा मुंबईला परत गेला; दिवाळीला हिला फोन करतो. मी समितीचा राजीनामा दिला, कारण लिहिलं 'प्रकृती'. लोकांनी निरोप समारंभात माझ्या काटेकोरपणाबद्दल भाषणं केली आणि मला एक घड्याळ दिलं. ते मी आजवर लावलेलं नाही. फाइल टाकून द्यावी असं दोनदा मनात आलं. इतकी वर्षं तपासणी विभागात काढलेल्या माणसाला कागद फाडता येत नाही, एवढंच त्यातलं कारण. त्यात चांगुलपणा काही नव्हता.

२००७मध्ये आम्ही मुलीकडे जर्सी सिटीला गेलो होतो. तिच्या इमारतीतल्या मराठी मंडळींनी तळमजल्यावरच्या हॉलमध्ये गणपती बसवला होता. आरती झाली, मी प्रसादाचा द्रोण घेऊन बाजूला उभा होतो, आणि एक तरुण लहान मुलीला कडेवर घेऊन समोर आला.

"काका, ओळखलंत?"

विद्यार्थ्यांचा तो सेक्रेटरी. थोडा जाड झाला होता, चष्मा लागला होता. मॅनहॅटनमध्ये कुठल्याशा बँकेत कामाला होता. मी काही बोलायच्या आत त्याने मुलीला खाली ठेवलं आणि वाकून मला नमस्कार केला. मागे सरकायला जागा नव्हती, भिंत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही नदीकाठच्या रस्त्यावर फिरायला गेलो. तो मुलीची गाडी ढकलत होता. माझं घर कसं आहे, हिवाळा कसा गेला, अशा चौकश्या करत होता. मी मध्येच त्याला थांबवलं आणि सांगितलं.

"तुझं चौथं पान होतं. माझ्याकडे होतं. अजून आहे."

तो चालायचा थांबला. "काय लिहिलं होतं मी?"

मी सांगितलं. मला दोन्ही ओळी पाठ होत्या.

तो कठड्याला टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "मला वाटायला लागलं होतं की मी लिहिलंच नव्हतं. तेव्हा पीएच.डी.ची क्वालिफायर परीक्षा चालू होती, रात्रंदिवस लॅब. टीममधले म्हणाले, तुला स्वप्न पडलं असेल. मी पण म्हटलं, असेल यार. काका कशाला खोटं बोलतील?"

"बोललो."

"सगळ्यांना वाटलं मीच घोळ घातला. फॉर्म भरायची हौस याला, म्हणायचे. आणि तो ओपनर, तो माझा शाळेपासूनचा मित्र. आता बोलतो आम्ही, पण क्रिकेटवर नाही बोलत."

गाडीतली मुलगी म्हणाली, "बाबा, लेट्स गो." त्याने तिच्या हातात बिस्किट दिलं.

मी माफी मागितली. शब्द मी मिशिगनहून निघताना नव्हते जुळवलेले, त्यामुळे ते तुटकच आले. त्याने ते ऐकून घेतलं. ठीक आहे वगैरे म्हणाला नाही. मग मी म्हणालो की कप परत मिळवायचा प्रयत्न करतो.

"कप काय करायचाय आता? टीम कुठेय? काका, तुम्ही ते पान लीगला द्या. आणि पत्रातला तो शब्द काढून घ्या. जाणूनबुजून. मला बाकी काही नको. तो शब्द मी मित्रांना दाखवू शकेन असा काढा."

परत आल्यावर मी लीगला लिहिलं. आता समितीवर तिशीतली नवी मंडळी होती. त्यांनी उत्तर दिलं की जुना निर्णय बदलायचा तर दोन्ही संघांचे खर्च समोर हवेत. विद्यार्थ्यांचा फॉर्म आहे, आमचं शून्य तपासावं लागेल. म्हणजे जवळपास पाच वर्षांनी मला आमचा फॉर्म खरा भरायचा होता. तो आम्ही दोघांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून भरला.

"पोळ्या किती लिहू?"

"रोज आठ. रविवारी डब्यात सहा जास्त. आणि वरण-भात, भाजी, दही वेगळं," ही म्हणाली. "आणि त्याचे पांढरे कपडे मी धुवायची, गवताचे डाग घासून. तेही लिहा."

"कपडे नियमात नाहीत."

"तुम्हीच लिहिलाय ना नियम? मग ते राहिलंच."

मी कपडेही लिहिले. तिकीट, खोली, गाडी, पेट्रोल, जेवण. बेरीज मर्यादेच्या दुपटीवर गेली. खाली सही करताना या वेळी पेन थांबलं नाही.

पाठवण्याआधी मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्यामागे काही करायचं नव्हतं. तळघरात बसून त्यांनी कागद वाचले.

"पाच वर्षं झाली. हे आता उकरून कुणाचं भलं होणार आहे?"

"एका मुलाचं."

"तो बँकेत आहे म्हणतोस. चांगलं चाललंय त्याचं. आणि आपल्या क्लबचं काय? माझं काय? लोक काय म्हणतील?"

"मी खोटी सही केली असं म्हणतील. तुमचं नाव मी कुठे लिहिलेलं नाही. शून्य तुमच्या अक्षरात आहे, पण सही माझी आहे."

ते कपाटाकडे बघत राहिले. म्हणाले, "एवढी एक तर पट्टी आहे आपली." मला त्यांचा राग आला नाही. मी चहा न घेता निघालो, आणि त्यांनी थांब म्हटलं नाही.

२००८च्या वसंतात, मोसमाआधीच्या सभेत, मी उभा राहून चौथं पान वाचलं. बरेचसे चेहरे नवे होते. त्यांना त्या फायनलचं काही देणंघेणं नव्हतं. एकजण टेबलाखाली फोन बघत होता. जुन्यांपैकी दोघं-तिघं होते, ते मान खाली घालून ऐकत होते. समितीने ठरवलं: विद्यार्थी संघाने मर्यादा ओलांडली, पण जाणूनबुजून नाही, वेळेत विचारणा केली होती, तिला उत्तर दिलं गेलं नाही. विजेतेपद त्यांचंच. आमच्या संघाची त्या मोसमाची नोंद रद्द. आणि मला, नाव लिहून, लीगच्या कुठल्याही पदासाठी कायमचं अपात्र ठरवलं. सभा संपल्यावर एक मुलगा जवळ येऊन म्हणाला, "काका, कॅप आता काढून टाकलीय, माहितेय ना? कोणी पाळतच नव्हतं." ते मला माहीत नव्हतं.

नवं पत्र मी स्वतः पोस्टात टाकलं, सोबत चौथं मूळ पान आणि आमच्या फॉर्मची झेरॉक्स. त्या पानाची कॉपी मात्र मी ठेवली नाही. ते त्याचं होतं.

आठवड्याभराने रविवारी सकाळी त्याचा फोन आला. मागून त्याच्या मुलीचा आवाज येत होता, "हू इज इट, बाबा?"

"आजोबा आहेत, मिशिगनचे." मग मला म्हणाला, "काका, मिळालं."

"वाचलंस?"

"वाचलं. ओपनरला स्कॅन करून पाठवलं. त्याचा फोन आला काल. दोन तास बोललो. क्रिकेटवरच."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुमचा फॉर्मपण पाहिला," तो म्हणाला. "काकूंच्या पोळ्या कशा धरल्यात?"

"बाजारभावाने."

तेव्हा तो हसला, मे महिन्यातल्या त्या शनिवारी हसला होता तसा. त्याचा अर्थ मी लावत बसलो नाही. मग त्याने विचारलं, "काकू आहेत का जवळ? द्या ना," आणि मी फोन हिच्याकडे दिला. ती दोघं बराच वेळ बोलत होती. मी मागच्या अंगणात गेलो.

पितळेची पट्टी अजून तशीच आहे. ती काढण्याबद्दल समितीने डॉक्टरांना पत्र पाठवलं आहे. त्यांनी उत्तर दिलेलं नाही. पट्टीला दोन बारीक स्क्रू आहेत, ते काढायला पाच मिनिटंही लागणार नाहीत. डॉक्टरांनी बोलावलं तर मी जाईन. नाही बोलावलं तर पट्टीवर काहीही असलं तरी २००३चा कप कोणी जिंकला, ते इथे लिहिलेलं आहे.